वरच्या दाढेतील चौथी नलिका : भिंगाचे श्रेय आणि आकड्यांचे वाचन
(एक समीक्षा)

प्रस्तावना

मराठी बोलण्यात ‘रूट कॅनल’ हा शब्द उपचाराचे नाव म्हणून रूढ झाला आहे. ‘दाढेचे रूट कॅनल केले’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एकच कृती असते. वस्तुतः हा शब्द दाताच्या मुळातून जाणाऱ्या नलिकेचा वाचक आहे आणि एका दाढेत अशा नलिका तीन, चार, क्वचित त्याहून अधिक असतात. उपचार म्हणजे या सर्व नलिका शोधणे, त्यांतील कुजलेला मगज काढणे, त्या धुऊन रुंद करणे आणि गटापर्चाने टोकापर्यंत बंद करणे. परंतु शब्दच एकवचनी झाल्यामुळे ‘माझ्या दाढेत नलिका किती आणि त्यांतील भरल्या किती’ हा प्रश्न रुग्णाला सहसा सुचत नाही. वर्ष-दोन वर्षांनी त्याच दाढेवर घास चावताना कळ येते, हिरडीवर पुवाची पुटकुळी उठते, आणि ‘रूट कॅनल फेल गेले’ असे म्हणून पुष्कळदा दाढ काढली जाते. या अपयशामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतील एक कारण मात्र साधे असते. एक नलिका कोणी उघडलेलीच नसते.

ही न उघडलेली नलिका बहुधा वरच्या पहिल्या दाढेत असते. तिच्या शोधासाठी भिंगाचा चष्मा, म्हणजे लूप, आणि शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक यांचा उपयोग १९९० नंतरच्या दशकांत वाढत गेला. त्याचबरोबर ‘भिंगामुळे नलिका सापडतात’ हे विधान सर्वमान्य झाले. हे विधान खोटे नाही. तथापि ज्या अभ्यासांच्या आधाराने ते केले जाते, ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले असता भिंगाच्या पदरात पडलेल्या श्रेयाचा बराच भाग दुसऱ्या कोणाचा तरी आहे, असे दिसून येते. वसई-विरारसारख्या शहरातील दंतसेवेच्या दृष्टीने हा भेद केवळ पांडित्याचा नाही. उपकरण आणि पद्धत यांपैकी प्रथम कशाची उणीव भरून काढावयाची, हे त्यावरून ठरते.

नलिकेची जागा

वरची पहिली दाढ वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी उगवते. तिला सामान्यतः तीन मुळे असतात : दोन गालाकडे, एक टाळूकडे. गालाकडील दोहोंपैकी पुढचे मूळ विलक्षण असते. पुढून मागे ते चपटे असते, पण गालाकडून टाळूकडे चांगलेच रुंद असते. एखादी फळी कडेवर उभी करावी तसा त्याचा आकार. या रुंद मुळात पुष्कळदा एक नलिका नसून दोन असतात. पहिली गालाच्या बाजूस असते व ती सहज सापडते. दुसरी तिच्यापासून टाळूच्या दिशेने, सरासरी पावणेदोन-दोन मिलिमीटर अंतरावर आणि बहुधा किंचित पुढे सरकलेली असते. दंतवैद्यांच्या बोलीत तिला ‘एमबी-टू’ म्हणतात. तिच्या तोंडावर दंतिनाचा एक छोटा कठडा आलेला असतो. वय वाढते तसे आत दंतिनाचे थर साचत जातात आणि आधीच बारीक असलेले ते तोंड आणखी आकसते.

क्ष-किरण चित्रात ती का दिसत नाही, हेही या रचनेवरूनच उलगडते. दाढेचे चित्र गालाच्या बाजूने घेतले जाते. मुळातील दोन नलिका त्याच दिशेने एकीमागे एक उभ्या असतात. दोन खांब एका रेषेत असले म्हणजे समोरून एकच खांब दिसावा, तसे होते. नळी थोडी तिरपी धरून दुसरे चित्र घेतले तर कधी कधी हे खांब सुटे होतात. परंतु वरच्या दाढांवर गालफडाच्या हाडाची सावली पडते, त्यामुळे हा उपायही दर वेळी साधत नाही.

या नलिकेचे अस्तित्व ही अलीकडची वार्ता नव्हे. झुरिचचे वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांत रबर भरून, ते कठीण करून, नंतर दात विरघळवून नलिकांचे साचे मिळवले. त्यांचे काम १९२५ मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने आले, आणि वरच्या दाढांपैकी सुमारे निम्म्यांत चार नलिका असल्याचे त्यातून स्पष्ट झाले होते. १९६९ मध्ये वाइन व सहकाऱ्यांनी हेच मूळ उभे छेदून २०८ दात तपासले, ५१.५ टक्के मुळांत दोन नलिका निघाल्या. १९८४ मध्ये व्हर्टुची यांनी दात पारदर्शक करून व रंग सोडून पाहिले, तेव्हा हे प्रमाण ५५ टक्के आले. म्हणजे दंतवैद्यकाच्या व्यवहारात सूक्ष्मदर्शक रुळण्यापूर्वीच, दर दोन दाढांमागे एकीत ही नलिका असते, हे छापील ज्ञान होते. तरीही दवाखान्यात ती शोधण्याचा परिपाठ पडला नाही. याचा दोष डोळ्याला देणे कठीण आहे. वरच्या दाढेत त्रिकोणी छिद्र करावे, त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन नलिका मिळतील, असे शिकवले जात होते. त्रिकोण पाडणाऱ्याला चौथा कोपरा कुठून दिसणार? छिद्र चौकट-तिरपे, समभुज चौकोनासारखे केले तरच दुसऱ्या नलिकेवरचा कठडा उघडा पडतो.

आकड्यांचे वाचन

भिंगाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास ब्यूर्ली व सहकाऱ्यांचा आहे. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार करणाऱ्या मूलोपचारतज्ज्ञांनी वरच्या पहिल्या व दुसऱ्या दाढांच्या ३१२ उपचारांची नोंद केली. सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांना दुसरी नलिका ५७.४ टक्के दाढांत सापडली, लूप वापरणाऱ्यांना ५५.३ टक्के दाढांत, तर नुसत्या डोळ्याने काम करणाऱ्यांना अवघ्या १८.२ टक्के दाढांत. केवळ पहिली दाढ घेतली तर हे आकडे अनुक्रमे ७१.१, ६२.५ आणि १७.२ असे आहेत. प्रथमदर्शनी पुरावा निर्णायक वाटतो. भिंग आले आणि सापडण्याचे प्रमाण तिपटी-चौपटीने वाढले.

परंतु या तीन गटांत तज्ज्ञांना कोणी वाटून दिलेले नव्हते. ज्याने सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता तो त्या गटात, ज्याने घेतला नव्हता तो नुसत्या डोळ्याच्या गटात. जो दंतवैद्य चौथ्या नलिकेसाठी महागडे उपकरण खरेदी करतो, तो ती नलिका अधिक चिकाटीने शोधतो, अधिक वेळ देतो, छिद्राचा आकार बदलतो, हे उघड आहे. अशा स्थितीत १७ आणि ७१ यांमधील सर्व अंतर काचेच्या नावावर जमा करता येत नाही. सूक्ष्मदर्शक आणि लूप यांच्या निष्कर्षांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही, हीदेखील त्याच अभ्यासाची नोंद आहे. उद्धरणांत ती पुष्कळदा गळते.

आता याच्याशेजारी त्याच सुमाराचे दुसरे अभ्यास ठेवावेत. बाल्डास्सारी-क्रूझ व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ३९ काढलेल्या दाढा तपासल्या. नुसत्या डोळ्याने ५१ टक्क्यांत नलिका सापडली, सूक्ष्मदर्शकाने ८२ टक्क्यांत. त्याआधी २००१ मध्ये गोर्डुयसुस व सहकाऱ्यांनी ४५ काढलेल्या दाढांवर काम केले होते. तेथे नुसत्या डोळ्यालाच ४२ दाढांत, म्हणजे ९३ टक्क्यांत, नलिकेचे तोंड सापडले. सूक्ष्मदर्शकाने त्यात केवळ एका दाढेची भर घातली.

नुसता डोळा तिन्ही ठिकाणी माणसाचाच होता. एका ठिकाणी त्याला पहिल्या दाढांत १७ टक्के यश येते, दुसऱ्या ठिकाणी ५१, तिसऱ्या ठिकाणी ९३. काढलेला दात हातात धरून पाहणे आणि तोंडाच्या कोपऱ्यात, लाळेत, आरशातून उलटे पाहणे यांत अंतर आहे, हे मान्य. पण दोन अभ्यास तर काढलेल्याच दातांवरचे आहेत, आणि तरी त्यांत चाळीसहून अधिक टक्क्यांची दरी आहे. भिंगाविना मिळणारे यश इतके हेलकावे खात असेल, तर भिंगाव्यतिरिक्त दुसरे काहीतरी फार मोठ्या प्रमाणावर काम करीत आहे, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

ते दुसरे काय, याचे उत्तर १९९० च्या एका अभ्यासात आहे. कुलिल्ड आणि पीटर्स यांनी ५१ पहिल्या व ३२ दुसऱ्या, अशा एकूण ८३ वरच्या दाढा घेतल्या आणि शोध पायरीपायरीने केला. आधी हातातील बारीक उपकरणांनी चाचपले, ४५ दाढांत (५४.२ टक्के) नलिका मिळाली. मग बरने दंतिनाचा कठडा कोरून पाहिले; आणखी २६ दाढांत (३१.३ टक्के) मिळाली. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ८ दाढांची (९.६ टक्के) भर पडली. एकूण ९५.२ टक्के. हा अभ्यास ‘नलिका पंचाण्णव टक्के दाढांत असते’ या एका आकड्यापुरता लक्षात राहिला. त्याचे खरे मोल मात्र या पायऱ्यांत आहे. चाचपणीनंतर उरलेल्या नलिकांपैकी सर्वाधिक नलिका कोरण्याने दिल्या, पाहण्याने नव्हे. अर्थात येथेही सावधगिरी हवी. सूक्ष्मदर्शकाची पाळी शेवटी होती, आणि तोवर सोप्या नलिका संपल्या होत्या. पाळी उलटी असती तर काचेच्या वाट्याला अधिक आले असते. तरी लपलेले तोंड आधी उघडे करावे लागते आणि मग पाहावे लागते, हा क्रम त्यातून स्पष्ट होतो. कितीही प्रबळ भिंग दंतिनाच्या आरपार पाहू शकत नाही.

स्ट्रॉप्को यांचा १९९९ चा अहवाल या चर्चेत वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. एकाच तज्ज्ञाने आठ वर्षांत उपचार केलेल्या १७३२ वरच्या दाढांचा तो हिशेब आहे. पहिल्या दाढांपैकी (संख्या १०९६) एकंदर ७३.२ टक्क्यांत दुसरी नलिका मिळाली. मात्र उत्तरकाळात हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. ही वाढ कशामुळे झाली, हे सांगताना अहवालाने चार गोष्टींचा एकत्र उल्लेख केला आहे : वाढलेला अनुभव, राखून ठेवलेला पुरेसा वेळ, सूक्ष्मदर्शकाचा नित्य वापर आणि त्यासाठी बनवलेली विशेष उपकरणे. चार कारणे एकाच वेळी बदलली असता एकाचाच वाटा काढता येत नाही, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तरीही हा अहवाल बहुधा सूक्ष्मदर्शकाच्या समर्थनार्थच पुढे केला जातो. ‘पुरेसा वेळ’ हे त्याचे दुसरे कारण विक्रीस ठेवता येत नाही, म्हणूनही कदाचित ते मागे पडले असावे.

‘सापडली’ म्हणजे काय?

या साहित्यातील गोंधळाचे आणखी एक मूळ व्याख्येत आहे. सेम्पिरा व हार्टवेल यांनी २००० मध्ये सूक्ष्मदर्शक वापरून २०० दाढांवर प्रत्यक्ष उपचार केले आणि पहिल्या दाढेत केवळ ३३.१ टक्के, दुसरीत २४.३ टक्के नलिका नोंदल्या. स्ट्रॉप्कोंच्या ९३ टक्क्यांच्या शेजारी हा आकडा ठेवला तर एकाने चूक केली असावी असे वाटेल. चूक कोणाचीच नाही. सेम्पिरा व हार्टवेल यांनी नलिकेचे तोंड दिसणे पुरेसे मानले नाही. ती मुळाच्या टोकाजवळ ठरवलेल्या अंतरापर्यंत उपकरणाने उतरता आली आणि भरता आली, तरच ती मोजली. गोर्डुयसुस यांच्या अभ्यासातही हाच भेद आहे : तोंड ९३ टक्क्यांत सापडले, पण आत उतरता आले ६९ टक्क्यांत, सूक्ष्मदर्शकाने हे प्रमाण ८० टक्के झाले. ‘सापडणे’ आणि ‘उतरणे’ या दोन निराळ्या गोष्टी असून काचेचा खरा लाभ दुसरीत अधिक दिसतो, असे यावरून म्हणता येईल. नलिकेची वाट पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्येच एकदम वळते, आणि ते वळण पाहून मोकळे करण्यास दृष्टी लागते.

२००६ मध्ये क्लेगहॉर्न व सहकाऱ्यांनी ३४ अभ्यासांतील ८३९९ दातांची एकत्र मोजदाद केली. या मुळात दोन वा अधिक नलिका ५६.८ टक्के दातांत आढळल्या. प्रयोगशाळेतील अभ्यासांत ६०.५ आणि रुग्णांवरील अभ्यासांत ५४.७ टक्के. पुढे शंक्वाकार किरणशलाकेची त्रिमिती चित्रे, म्हणजे सीबीसीटी, उपलब्ध झाल्यावर मार्टिन्स व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जगातील २१ प्रदेशांतून दर प्रदेशी २५० अशा ५२५० पहिल्या दाढा पाहिल्या. सरासरी ७३.८ टक्के निघाली. पण व्हेनेझुएलात ४८ टक्के आणि बेल्जियममध्ये ९७.६ टक्के. यातील किती अंतर वंशाचे, किती वयाचे, किती यंत्राच्या सूक्ष्मतेचे आणि किती चित्र वाचणाऱ्याचे, हे सांगणे सोपे नाही. या सर्वांतून उपचारकाला एक व्यवहार्य गोष्ट मिळते : वरची पहिली दाढ उघडताना चौथी नलिका आहे असे गृहीत धरून आरंभ करावा, आणि ‘नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी शोधावर टाकावी.

भारतीय दंतवैद्यकातही या विषयावर लेखन झाले आहे. चेन्नईच्या एका दंत महाविद्यालयातून कोट्टूर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वरच्या पहिल्या दाढेत सात नलिका असल्याचे सीबीसीटीच्या साहाय्याने दाखवले होते. अशा वृत्तांतांचे कुतूहल स्वाभाविक आहे. मात्र सात नलिकांच्या दाढेने जेवढे लक्ष वेधून घेतले, तेवढे रोजच्या दाढेतील साध्या चौथ्या नलिकेला मिळाले असते तर अधिक दाढा वाचल्या असत्या.

नलिका सुटल्याने होते काय

शोधाचे अंतिम प्रयोजन दात टिकणे हे आहे, नलिकांची संख्या नव्हे. येथे पुरावा पातळ होतो. वोलकॉट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ५६१६ दाढांच्या पाच वर्षांच्या नोंदींवरून दाखवले की प्रथम उपचारात पहिल्या दाढेत ही नलिका ६० टक्के, तर पुनरुपचारात ६७ टक्के वेळा मिळाली. दुसऱ्या दाढेत ३५ व ४४ टक्के. पुनरुपचाराला आलेल्या दाढांत ती अधिक वेळा मिळते, म्हणजे आधी सुटल्यामुळेच त्या बिघडल्या, असा त्यांचा तर्क आहे. तर्क सयुक्तिक आहे. पण बिघडलेल्या दाढेत उपचारक आधीपासूनच संशयाने व अधिक बारकाईने पाहतो, हेही या फरकाचे कारण असू शकते. काराबुचाक व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये उपचार झालेल्या १३९७ दाढा-उपदाढांची सीबीसीटी चित्रे पाहिली. त्यांतील २३.०४ टक्के दातांत एक तरी नलिका सुटलेली होती. वरच्या दाढांत हे प्रमाण ४०.१ टक्के होते. सुटलेली नलिका असलेल्या दातांच्या टोकाशी व्याधी असण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत ४.३८ पट होती. हा एकाच वेळचा छायाचित्रासारखा पुरावा आहे, कालानुक्रमाचा नव्हे; तथापि इतका मोठा आकडा दुर्लक्षिता येत नाही.

याउलट, भिंग वापरल्याने उपचार अधिक यशस्वी होतो का, या प्रश्नाचा थेट पुरावा कोक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी प्रथम २००९ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये शोधला. त्यांच्या निकषांत बसणारी एकही यादृच्छिक चाचणी दोन्ही वेळा मिळाली नाही. याचा अर्थ भिंग निरुपयोगी आहे, असा कोणी लावू नये. चाचणी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु अमेरिकेत १९९८ पासून मूलोपचाराच्या पदव्युत्तर शिक्षणात सूक्ष्मदर्शकाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले, आणि त्यानंतर दीर्घकाळ उलटूनही त्याचा अंतिम लाभ मोजणारी चाचणी उपलब्ध नसावी, ही बाब या क्षेत्राच्या सवयींविषयी काही सांगून जाते. कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक १९२१ मध्येच आला होता. दंतवैद्यकासाठी अपोथेकर यांनी १९८१ मध्ये खास यंत्र पुढे आणले, ते फारसे चालले नाही. ज्या यंत्राला एका पिढीने नाकारले त्याच जातीचे यंत्र पुढच्या पिढीने सक्तीचे केले. दोन्ही निर्णयांमागे मोजमाप थोडेच होते.

हात, वेळ आणि काच

वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ पासून हा प्रदेश पालघर जिल्ह्यात आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. नायगाव ते विरार या रेल्वेपट्ट्यातील दंतसेवा मुख्यत्वे लहान खासगी दवाखान्यांची आहे : एक खुर्ची, एक पदवीधर दंतवैद्य, एक मदतनीस. नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून चालू आहे खरे, पण ते मुंबई सेंट्रलजवळ आहे. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. दिवसभर मुंबईत नोकरी करणारा माणूस दाढेच्या चार खेपांसाठी चार रजा घेऊ शकत नाही. तो रात्री गाडीतून उतरून जवळच्या दवाखान्यातच येतो.

अवघड दाढांसाठी अशा दवाखान्यांत ठरलेल्या वारी बाहेरून मूलोपचारतज्ज्ञ बोलावण्याची पद्धत मुंबईच्या सर्व उपनगरांत आहे. तो आपले सामान पिशवीत घालून लोकलने येतो. भिंगासंबंधीच्या चर्चेत या पिशवीचा विचार कोणी करीत नाही. सूक्ष्मदर्शक जमिनीवर, भिंतीवर किंवा छतावर बसवावा लागतो, आणि त्याची किंमत लाखांत जाते. विरार लोकलच्या डब्यातून तो हिंडवता येत नाही. लूप आणि त्यावरचा दिवा मात्र पिशवीत मावतात. म्हणूनच ब्यूर्ली यांच्या अभ्यासातील दुर्लक्षित ओळ, लूप आणि सूक्ष्मदर्शक यांत लक्षणीय फरक नसल्याची, या शहरासाठी सर्वांत अर्थपूर्ण ठरते. आदर्श यंत्राच्या आग्रहापायी परवडणारे भिंगही लांबणीवर पडत असेल, तर त्या आग्रहाने नुकसानच होते.

लूपची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो साधारणतः अडीच ते साडेचार पट मोठे दाखवतो. सूक्ष्मदर्शक वीस पटींच्याही पलीकडे जाऊ शकतो, आणि त्याचा प्रकाश दृष्टीच्याच रेषेतून आत उतरत असल्याने खोल मुळात सावली पडत नाही. मोडलेले उपकरण काढणे, भोक पडले असता ते बुजवणे, नलिकेच्या आतील वळण सोडवणे, अशा कामांत सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. नुसत्या लूपने, दिव्याशिवाय, काम करणे म्हणजे घड्याळजीने अंधाऱ्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसण्यासारखे आहे.

काचेआधी जे लागते ते बहुतांशी विनामूल्य आहे. क्रास्नर व रँको यांनी २००४ मध्ये ५०० दातांचे मज्जाकक्ष अभ्यासून काही नियम मांडले. कक्षाचा तळ भिंतींपेक्षा नेहमी गडद असतो. नलिकांची तोंडे तळ आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवर, आणि तेथील कोपऱ्यांत असतात. पहिल्या नलिकेपासून टाळूच्या नलिकेकडे जाणारी गडद खाच बारीक टोकदार उपकरणाने चाचपत जावे. ती खाच पुढच्या भिंतीखाली जाऊन नाहीशी होत असेल तर भिंत अजून पुढे कोरावयाची आहे, हे समजावे. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण कक्षात सोडले असता जेथून बुडबुडे उठतात तेथे मगज शिल्लक असतो. मिथिलीन ब्लू लावून धुतले तर रंग तोंडाच्या ठिकाणी रेंगाळतो. रंगाचा हा थेंब आणि काही मिनिटांची प्रतीक्षा यांना फारशी किंमत पडत नाही. ही मिनिटे मात्र सायंकाळी बाहेर बाकावर सहा माणसे बसलेली असताना काढावी लागतात, आणि अडचण तेथेच आहे. स्ट्रॉप्को यांनी वेळेचा उल्लेख ज्या ओळीत केला ती ओळ नालासोपाऱ्याच्या दवाखान्यात उपकरणांच्या कोणत्याही यादीपेक्षा अवघड आहे.

कोरण्यालाही सीमा आहे. हे मूळ पुढून-मागे चपटे असल्यामुळे त्याच्या दोन्ही अंगांनी भिंत पातळ असते. न दिसणारी नलिका शोधताना सरळ खाली कोरत गेल्यास मुळालाच भोक पडते आणि बरी होऊ शकली असती अशी दाढ हातची जाते. या ठिकाणी भिंगाचे महत्त्व आकड्यांत उतरत नाही असे आहे : नलिका दाखवण्याइतकेच ते ‘आता पुरे’ हेही दाखवते. पांढरे-करडे दंतिन, गडद तळ आणि धोक्याची पातळ भिंत यांचे रंग नुसत्या डोळ्याला एकसारखे वाटतात. प्रसिद्ध अभ्यासांतून सापडलेल्या नलिकांची मोजदाद बारकाईने होते. शोधताना पडलेल्या भोकांची तशी होत नाही. समीक्षकांनी या साहित्याकडे मागावयाचा पहिला आकडा हाच आहे.

सीबीसीटीने हा प्रश्न सुटेल, अशीही अपेक्षा व्यक्त होते. अमेरिकन मूलोपचार व मुख-किरणशास्त्र संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त निवेदनात, जादा नलिकांची शक्यता असलेल्या दातांच्या प्रथम उपचारासाठी मर्यादित क्षेत्राचे सीबीसीटी हे पसंतीचे चित्र मानावे, असे म्हटले आहे. वरील आकडे पाहता प्रत्येक वरची पहिली दाढ या व्याख्येत बसते. सरसकट तसे करणे किरणांच्या मात्रेच्या दृष्टीने उचित नाही, आणि भारतात असे यंत्र बसवण्यास अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागत असल्याने ते लहान दवाखान्यात असत नाही. पुनरुपचारापूर्वी, दाढ काढावी की राखावी असा प्रश्न पडला असता, त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. चित्रात नलिका दिसली तरी ती उघडावी हातांनीच लागते.

उरतो तो नोंदीचा प्रश्न. तीन नलिका भरलेल्या दाढेच्या केसपेपरवर बहुधा उपचाराचे नाव आणि तारीख असते. चौथी नलिका शोधली होती आणि मिळाली नाही; की मिळाली, पण खाली उतरता आली नाही; की शोधलीच नव्हती, या तीन अगदी भिन्न अवस्था त्या एका शब्दाखाली झाकल्या जातात. ‘पुढची भिंत दोन मिलिमीटर कोरली, लूपने पाहिले, खाच आढळली नाही’ अशी एक ओळ लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. दोन वर्षांनी हीच दाढ दुखू लागली आणि रुग्ण वसई रोडच्या दुसऱ्या दवाखान्यात गेला, तर तेथील दंतवैद्याला शोध कुठून पुढे न्यावयाचा ते त्या ओळीवरून कळते. ती ओळ नसेल तर तो पहिल्यापासून कोरू लागतो. आणि कोरण्याजोगे दंतिन आधीच कमी झालेले असते.